हृदयाचे कप्पे आणि सीटी स्कॅन



शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा धरणे मुंबईला पाणी पुरवितात. धरणात साठा किती, याइतकेच पुढे किती सोडले जाते, हेही महत्त्वाचे असते. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांचे, म्हणजे निलयांचे, तसेच आहे. डाव्या निलयात १२० मिलिलिटर रक्त भरले आणि आकुंचनानंतर ५० उरले, तर ७० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ५८ टक्के, शरीराकडे गेले. हे प्रमाण ४० टक्के वा त्याहून कमी झाल्यास उपचारांची दिशा बदलते.

सीटी स्कॅनमध्ये शिरेतून औषध देऊन, ईसीजीच्या तालाशी जुळवून, एकाच ठोक्यातील निरनिराळ्या क्षणांची चित्रे मिळविता येतात. त्यांवरून दोन्ही निलये मोजता येतात; हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळेही दिसतात. परंतु त्यात क्ष-किरणांचा मारा असतो, आणि दुबळ्या मूत्रपिंडांना ते औषध बाधू शकते. म्हणून आम्ही प्रथम टू-डी इको करण्याचा आग्रह धरतो. त्यातील चित्र अस्पष्ट राहिले आणि एमआरआय शक्य नसला, तरच सीटीचा विचार करावा.

माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यावरून तपासणीसाठी शहर गाठायचे, तर रुग्णाची आणि सोबत्याची मजुरी बुडते. त्यामुळे अनावश्यक तपासणी टाळणे आणि आवश्यक तपासणीसाठी प्रवासखर्चही देणे, या दोन्हींना आम्ही सेवाच मानतो. आपली देणगी तेथेच कामी येते. आप्तेष्टांना एकच विनंती: धाप आणि पायांवरची सूज ‘वयामुळे’ म्हणून अंगावर काढू नका.