बंदराचा मालक कोण?



समुद्रापासून इतक्या दूर बसलेल्या श्रोत्यांपुढे जहाजांविषयी बोलावे, हे काहींना नवलाचे वाटेल. परंतु आपल्या कढईतले तेल आणि चुलीखालचा गॅस यांचा मोठा भाग समुद्रावरूनच येतो. आगबोटीचे भाडे चढले की ते बंदरावर थांबत नाही. घाट चढून वाण्याच्या दुकानात येते. तेव्हा हे भाडे ठरवतो कोण, हा प्रश्न आपलाही आहे.

५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद हे या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. आपल्या समजुतीप्रमाणे बोट असली, माल असला, की धंदा चालावा. तसे झाले नाही. किनाऱ्यावरच्या वाहतुकीत ब्रिटिश इंडिया कंपनीचा दबदबा होता. ही कंपनी १९१४ मध्ये ‘पी अँड ओ’ या बड्या कंपनीत सामील झालेली होती. तिच्या हाती एक नामी हत्यार होते. समजा, व्यापाऱ्याने शंभर रुपये भाडे भरले, तर त्यातले काही रुपये त्याला परत मिळावयाचे. पण काही महिन्यांनी, आणि तोवर त्याने दुसऱ्या कोणाच्या बोटीत माल चढवला नसेल तरच! व्यापाऱ्याचा स्वतःचाच पैसा त्याच्या पायातली बेडी झाला. त्यावर भाड्याची कापाकापी सुरू झाली, आणि १९२३ मध्ये सिंदियाला स्वतःच्या वाढीवर मर्यादा घालून घेणारा करार करावा लागला.

मग सरकार काय करीत होते? १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किनाऱ्यावरची वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवणारे विधेयक आणले. ते कायदा झाले नाही. उलट १९३५ च्या कायद्याने ब्रिटिश जहाजांना भेदभावापासून संरक्षण मिळाले! बलवान आणि दुबळा यांना एकाच मापाने मोजणे, याला तेव्हा न्याय म्हणत असत. किनारा आपल्या जहाजांसाठी राखला गेला तो स्वातंत्र्यानंतर. आणि १९५८ च्या कायद्याने परदेशी जहाजांना तेथे परवान्याची अट घातली.

आता आपल्या न्हावाशेव्याकडे वळू. हे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. १९९७ मध्ये तेथला एक धक्का बांधून चालवण्याचा करार झाला, तो ‘पी अँड ओ’ गटाशीच! काळाची ही गंमत पाहा. पुढे २००६ मध्ये दुबईच्या ‘डीपी वर्ल्ड’ने ती कंपनी लंडनमध्ये विकत घेतली, आणि आपल्या धक्क्याचा चालक येथे एक वीटही न हलता बदलला. याच विक्रीमुळे अमेरिकेत एवढे वादळ उठले की तेथले धक्के त्या कंपनीला विकून टाकावे लागले.

कोणी म्हणेल, मग परदेशी भांडवल नकोच. मी तसे म्हणत नाही. या भांडवलाबरोबर यंत्रे आली, कामाला वेग आला. शिवाय न्हावाशेव्याची जमीन सार्वजनिक मालकीची राहिली आणि करार मुदतीचा आहे. शेजारच्या श्रीलंकेने २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. ९९ वर्षे म्हणजे करार करणाऱ्यांच्या पणतवंडांनीही तो पाळावयाचा!

नियमनाचीही किंमत असते, हे विसरू नये. आपले पुष्कळ कंटेनर कोलंबोला जाऊन मोठ्या जहाजावर चढत. ते आपल्याच बंदरांत चढावेत म्हणून २०१८ मध्ये अशा मालापुरती परवान्याची अट सैल केली. बंदरांचा त्यात फायदा. देशी जहाजमालकांची मात्र तक्रार. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. २०२५ च्या नव्या किनारी कायद्यानेही परदेशी जहाजांची परवान्याची अट मुळात कायम ठेवली आहे.

तेव्हा बंदराचा करार झाल्याचे वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. मुदत किती? दर कोण ठरवणार? आणि चालक बदलला तर संमती कोणाची? १९१९ मध्ये हे विचारण्याचा अधिकार आपल्याला नव्हता. आज आहे; तो न वापरणे हा दोष मात्र परक्याचा नव्हे.