वजन उतरवणारी गोळी आणि पुराव्याचा प्रश्न

हळद म्हणजे काय हे सांगलीकरांना सांगण्याची गरज नाही. हरिपूरच्या पेवांत साठवलेली आणि सांगलीच्या सौद्यांत विकली गेलेली हळद पिढ्यान्पिढ्या देशभरच्या स्वयंपाकघरांत पोचली. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमटीत चिमूटभर पडणाऱ्या या हळदीला भिण्याचे कारण नाही. परंतु हळकुंडात शेकडा दोन ते पाच भरणारे कर्क्युमिन वेगळे काढावयाचे, ते शरीरात अधिक शोषले जावे म्हणून त्यात मिऱ्यातील पिपेरीन मिसळावयाचे आणि चरबी वितळवणारी गोळी म्हणून डबी विकावयाची, हा सर्वस्वी निराळा व्यवहार आहे. अमेरिकेतील यकृततज्ज्ञांनी २०२२ साली हळदीच्या गोळ्यांमुळे यकृतास इजा झालेल्या दहा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. इटलीच्या सरकारने तर २०१९ सालीच, यकृताचे व पित्ताचे विकार असणाऱ्यांसाठी डबीवर इशारा छापण्याचा निर्णय घेतला होता. घरची वस्तू आहे, अपाय कसला होणार, या भाबड्या विश्वासावरच हा धंदा पोसला जातो.

गुण येतो म्हणावे, तर तेही नाही. आमसुलाच्याच कुळातील मलबारी चिंचेच्या अर्काचा गाजावाजा अनेक वर्षे चालू आहे. १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींवर त्याची बारा आठवडे चाचणी झाली. सर्वांना बेताचा आहार दिला होता. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले आणि नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो! उतरले ते आहाराने. श्रेय मात्र डबीने घ्यावयाचे. जेथे खरोखर परिणाम दिसतो, तेथे संशय अधिकच घ्यावा. हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारताने २०११ साली सिब्युट्रामिन या औषधावर बंदी घातली. तेच औषध 'शुद्ध वनस्पतिजन्य' म्हणवणाऱ्या गोळ्यांत लपवलेले परदेशी तपासण्यांत वारंवार सापडले आहे.

मग कायदा काय करतो? १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. तो बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही. पण वस्तूला औषध न म्हणता अन्न म्हटले, की निसटण्यास वाट सापडते. डबीवर बारीक अक्षरांत 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापावयाचे आणि तोंडाने महिन्यात दहा किलोंची हमी द्यावयाची. नफा कंपनीचा, धोका गिऱ्हाइकाचा, ही वाटणी कार्यकर्त्यांना नवी नाही.

या साखळीचे अखेरचे टोक बहुधा एखादी शिक्षिका, अंगणवाडी सेविका किंवा निवृत्त कारकून असते. कमिशनच्या आशेने स्वतःच्या पैशांनी माल उचलून ती तो नात्यागोत्यात खपवते. २०२१ च्या नियमांनी माणसांवर माणसे जोडण्याच्या पिरॅमिडी योजनांना मनाई केली. परंतु शेजारधर्माचे जे भांडवल केले जाते, ते कोणत्या नियमात बसवणार? या बाईला शत्रू मानणे चूक ठरेल. ती स्वतःही गिऱ्हाईकच असते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्यात डॉक्टरी केलेले गृहस्थ. बुवाच्या अंगाऱ्याला पुरावा मागण्याची सवय त्यांनी या भागाला लावली. अंगारा चकचकीत डबीत आला, त्यावर परदेशी अक्षरे उमटली, म्हणून तो प्रश्न बाद होत नाही. तो घराघरांत विचारावा लागेल, आणि जरा सौम्यपणे, कारण समोर बहुधा स्वतःच्या शरीराची लाज वाटायला लावलेली एखादी स्त्री असेल.

असे काही घेणाऱ्याचे डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर गोळ्या त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावे आणि डबी सोबत न्यावी. डबी व पावती फेकू नये. अन्न व औषध प्रशासनाच्या सातारा किंवा सांगली येथील कार्यालयात लेखी तक्रार करताना त्यांवरील बॅच क्रमांक द्यावा लागतो.