दिव्यावरील नाव



बेळगाव-निपाणी भागात विजेची गोष्ट निघाली की गोकाकच्या धबधब्याची आठवण होतेच. घटप्रभेच्या त्या पाण्याच्या शक्तीवर १८८७ साली सूतगिरणी सुरू झाली. परंतु शक्ती हाती येणे आणि ती खेड्यातील घरात दिव्याच्या रूपाने पोहोचणे यांत फार मोठे अंतर आहे. खांब व तारा शासन उभारते. तारेला लावावयाचा दिवा मात्र कोणी तरी तयार करावा लागतो व बाजारपेठेच्या गावी आणून ठेवावा लागतो. या दुसऱ्या कार्याचा इतिहास क्वचितच सांगितला जातो.

१४ जुलै १९३८ रोजी ‘रेडिओ लॅम्प वर्क्स’ ही कंपनी स्थापन झाली. गांधीजींना वर्ध्यास आणणारे जमनालाल बजाज यांच्या घराण्याच्या उद्योगसमूहातील ही कंपनी १ ऑक्टोबर १९६० पासून ‘बजाज इलेक्ट्रिकल्स’ म्हणून ओळखली जाऊ लागली. नाव मुंबई-वर्ध्याकडचे, पण तिचे पुष्कळसे दिवे तयार होत ते उत्तर प्रदेशातील शिकोहाबाद येथे, ‘हिंद लॅम्प्स’ या कारखान्यात. इतर प्रसिद्ध नावांचे दिवेही त्याच कारखान्यातून बाहेर पडत! यात गैर काहीच नाही. दिव्यावर छापलेले नाव हे कारखान्याचे नव्हे, तर हमी घेणाऱ्याचे असते. या कंपनीचे खरे बळ, माझ्या मते, विक्रेत्यांच्या जाळ्यात होते.

जुन्या दिव्यात टंगस्टनची तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापून उजळते. हवेत ती तत्काळ जळून जाईल, म्हणून काचेच्या फुग्यातील हवा काढून घेतात किंवा आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू भरतात. एवढे करूनही विजेचा बहुतांश भाग उष्णतेतच जातो. ६० वॅटचा असा दिवा रोज पाच तास जळला तर महिन्यास ९ युनिटे लागतात. तितकाच प्रकाश देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी दिव्यास लागतात अवघी १.३५! निपाणीत रात्री दिव्याखाली विड्या वळणाऱ्या भगिनींच्या घरात हा फरक विजेच्या बिलावर उमटल्याखेरीज राहत नाही.

५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र शासनाने एलईडी दिव्यांच्या वाटपाची योजना सुरू केली. कर्नाटकात तिला ‘होस बेळकु’, म्हणजे नवा प्रकाश, असे नाव मिळाले. दिव्यांच्या कंपन्यांनाही काच-तारेची जुनी विद्या मागे ठेवून इलेक्ट्रॉनिक्सकडे वळावे लागले.

बाजारात आता अनोळखी नावांचे स्वस्त दिवेही पुष्कळ दिसतात. दिवा घेताना खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व ताऱ्यांचे लेबल आहे काय, ते पाहावे. वॅट म्हणजे खर्च आणि ल्युमेन म्हणजे प्रकाश. हे दोन्ही आकडे तेथेच छापलेले असतात. शिक्षकांनी रिकामी खोकी वर्गात आणून मुलांकडून हा हिशेब करून घ्यावा.