दोर सैल झाल्यावर



कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो महागाई भत्त्यावर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आजचा माझा विषय निराळा आहे. मोटारबोटीमागे उठणाऱ्या लाटेवर, हातात दोर न धरता, फळीवर उभे राहून जायला माणूस कसा शिकतो, हे मी सांगणार आहे. या खेळाला वेकसर्फिंग म्हणतात आणि तो मुख्यतः अमेरिकेतल्या तळ्यांवर वाढला. मी स्वतः त्या फळीवर कधी उभा राहिलेलो नाही. परंतु शिकवणाऱ्यांचे लेखन वाचताना आणि शिकणाऱ्यांच्या चित्रफिती पाहताना माझ्या ध्यानात आले की, माणसाने हातातला आधार केव्हा सोडावा, या प्रश्नाचे उत्तर येथे डोळ्यांना दिसते. हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे, आणि ज्यांच्या घरी वाढती मुले आहेत त्या सर्वांचाही आहे.

प्रथम या खेळाची वंशावळ पाहू. १९२२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, लेक पेपिन या जलाशयावर, राल्फ सॅम्युएल्सन नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने पायांखाली लाकडी फळ्या बांधल्या, बोटीला दोर बांधून त्याचे टोक हाती धरले, आणि तो पाण्यावर उभा राहिला. वॉटर स्कीइंगचा आरंभ तेथे मानतात. त्या खेळात दोर हेच सर्वस्व असते. दोर सुटला की खेळाडू पाण्यात गेलाच. याच्या अगदी उलट हवाई बेटांवरची जुनी विद्या. तेथे दोर नाही, बोट नाही. समुद्राने पाठवलेली लाट आणि माणसाची फळी, एवढाच संसार. वेकसर्फिंग या दोहोंच्या मधले आहे. येथे माणूस दोराच्या साहाय्याने उठतो आणि नंतर लाटेच्या साहाय्याने चालतो.

आता लाट बोटीमागे कशी येते ते पाहू. बोट पुढे जाताना पाणी दोन्ही बाजूंना लोटते. ते पाणी मागे पुन्हा एकत्र येते आणि उसळते. त्यातून उठणारी लाट बोटीबरोबर, बोटीच्याच वेगाने चालत राहते. आपणांस वाटेल, बोट हलकी आणि वेगवान असली म्हणजे लाट मोठी. वस्तुस्थिती उलट आहे. या खेळाच्या बोटी मुद्दाम जड करतात. त्यांच्या टाक्यांत पाणी भरतात. कित्येक बोटींत ते हजार किलोंहून अधिक असते. आणि वेग ठेवतात ताशी सुमारे १६ ते १९ किलोमीटर, म्हणजे सायकलवाल्याचा. जड बोट मंद गतीने चालली म्हणजे ती पाण्यात खोल बसते, अधिक पाणी बाजूला सारते, आणि मागे उंच लाट उठते.

त्या लाटेच्या पुढल्या उतारावर फळी ठेवली की ती खाली घसरू लागते. पण लाटही पुढे येतच असते. वर चढणाऱ्या सरकत्या जिन्यावरून एखादा मुलगा खाली उतरू लागला, तर तो कितीही पावले टाको, जागच्या जागीच राहतो. तसेच येथे घडते. उतारावरून खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण आणि फळीला मागे ओढणारे पाण्याचे घर्षण यांचा मेळ बसतो, आणि माणूस बोटीमागे ठरावीक अंतरावर चालत राहतो. त्याला पुढे नेणारी दोरी उरलेली नसते. नेतो तो उतार.

शिकणारा आरंभ करतो तो पाण्यात उताणा पडून. अंगात तरंगणारे जाकीट, गुडघे छातीशी घेतलेले, टाचा फळीच्या कडेवर, दोन्ही हातांत वीसेक फूट लांबीच्या दोराची मूठ. बोट हळूच दोर ताणते. टाचांनी दाब दिला की आडवी फळी उभी होऊन तळपायांना चिकटते. पाय फळीला बांधलेले नसतात. नवखा माणूस येथे एक गोष्ट हमखास करतो: हात आखडून स्वतःला वर खेचू पाहतो. त्यासरशी फळी पायांखालून निसटते. हात सरळ ठेवावे, अंग गोळा करून बसावे आणि बोटीला आपले काम करू द्यावे, असे शिकवणारे परोपरीने सांगतात.

उभा राहिला की तो दोर धरूनच लाटेच्या उतारावर येतो. पुढच्या पायावर भार दिला की फळी वेग घेते; मागच्या पायावर दिला की ती मंदावते. असे करता करता एक जागा सापडते, जेथे दोर सैल पडतो. मघापर्यंत तारेसारखा ताणलेला दोर पोटाशी झोळ घेऊन लोंबतो. तो क्षण ओळखणे हेच या विद्येचे मर्म. झोळ पडला याचा अर्थ बोट आता दोराने ओढत नाही. लाट वाहून नेते आहे. हातातला दोर केवळ मनाच्या समाधानासाठी उरला आहे. झोळ टिकतो आहे अशी खात्री झाली की दोर बाजूला टाकायचा. तो हाताला किंवा अंगाला गुंडाळून घ्यायचा नाही, हा पहिला नियम.

दोर ताणलेला असताना शौर्य म्हणून जो सोडतो, तो बुडतो. दोर सैल झाल्यावरही भीतीने जो धरून ठेवतो, त्याची गत निराळी. त्याचे दोन्ही हात अडकलेले असतात, तोल सावरायला ते मोकळे नसतात, आणि जरा मागे पडला की दोराला हिसका बसून तो लाटेबाहेर ओढला जातो. म्हणून सोडण्याची वेळ ठरते ती धैर्यावरून नव्हे, तर दोराच्या झोळावरून.

यात बोट चालवणाऱ्याचे काम मोठे आहे. खोल पाण्यावर ताशी १७ किलोमीटर वेगाने चालणाऱ्या लाटांच्या दोन माथ्यांमधील अंतर सुमारे १४ मीटर असते. वेग २० केला की तेच अंतर सुमारे २० मीटर होते. म्हणजे शिकणारा डगमगतो आहे असे पाहून चालकाने मदत म्हणून वेग वाढवला, तर त्याच्या पायांखालची लाटच बदलते. ज्या उतारावर तो उभा राहायला शिकला, तो उतार राहत नाही. चालकाने अशा वेळी एकच करायचे: वेग अढळ ठेवायचा.

आमच्या चळवळीत मी हे फार पाहिले आहे. कामगार प्रथमच सभेत बोलायला उभा राहतो. दोन वाक्यांनंतर अडखळतो. लगेच पुढारी उठतो, त्याचे वाक्य पुरे करतो आणि टाळ्या घेऊन बसतो. हेतू चांगला असतो; परंतु त्या कामगाराला आपला आवाज आपल्याला वाहून नेतो की नाही हे कधी कळतच नाही. पुढारी दोर ताणूनच ठेवतो, आणि वर म्हणतो, माणसे तयार होत नाहीत! दोर सैल पडू दिल्यावाचून माणूस तयार झाला की नाही हे कळायचे तरी कसे?

याच्या उलट टोकाचीही एक चूक आहे. आधाराला जितके बिलगावे तितके सुरक्षित, असे आपले मन सांगते. बोटीच्या मागच्या फळाटाला हातांनी धरून लाटेवर घसरण्याचा एक प्रकार अमेरिकेत चालत असे. इंजिनाचा धूर नेमका तेथेच बाहेर पडतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस न कळत बेशुद्ध होऊन पाण्यात जातो. अनेकांचे प्राण असे गेले. लेक पॉवेल या जलाशयावरील बोटींच्या विषारी धुराची चौकशी २००० साली सुरू झाली, तेव्हा तीत पुढे होती ती कामगारांच्या सुरक्षिततेसाठी स्थापलेली तेथील राष्ट्रीय संस्था. कारखान्यात शिकलेली विद्या तळ्यावर उपयोगी पडली, याचा मला अभिमान वाटतो. २००४ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून तो प्रकार बंद केला. पंख्याचा धोका तर वेगळाच. ज्या बोटीचा पंखा अगदी मागे उघडा असतो, तिच्यामागे हा खेळ खेळत नाहीत; पंखा बोटीच्या पोटाखाली आत असावा लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दोर टाकलेला माणूस हात पसरून चाललेला पाहिला की वाटते, हा स्वतंत्र झाला. तो दोरापासून सुटला हे खरे; बोटीपासून नव्हे. इंजिन थांबले की लाट विरते आणि तो बुडतो. इंधन कोणी भरले, सुकाणू कोणी धरले, पडल्यावर परत फिरून कोण आले, हे त्याने विसरता कामा नये. आपल्याकडे स्वतःच्या बळावर वर आलो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी शाळा लवकर सोडली आणि पुढे वाचून शिकलो. तेव्हा मलाही लोक स्वयंशिक्षित म्हणतात. परंतु ज्या सार्वजनिक वाचनालयात मी वाचले, ते कोणाच्या तरी वर्गणीवर चालत होते. दोर दिसत नव्हता, लाट होतीच.

आणि त्या लाटेची किंमतही असते. ती खेळाडूपाशी संपत नाही. काठापर्यंत जाते, माती ढासळवते, लहान होड्या हेलकावते, उथळ पाण्यात तळ ढवळते. मिनेसोटा विद्यापीठाने २०२२ साली मोजमापे प्रसिद्ध केली. साध्या बोटीची लाट काठापासून २०० फुटांवर जितकी असते, तितकी सौम्य व्हायला या बोटींच्या लाटेला ५०० फुटांहून अधिक अंतर लागते, असे त्यांत दिसले. व्हरमाँट राज्याने २०२४ साली नियम केला: काठापासून निदान ५०० फूट दूर, निदान २० फूट खोल, आणि असे पाणी निदान ५० एकर सलग असेल तेथेच हा खेळ खेळावा. काहींना हे जाचक वाटले. मला ते रास्त वाटते. तळे खेळणाऱ्याचे आहे, तसे काठावर गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याचेही आहे.

सभेला बसलेल्या आपणांपैकी फारच थोडे लोक कधी त्या फळीवर उभे राहतील. परंतु दोराचे एक ना एक टोक आपणा प्रत्येकाच्या हाती आहे. कोणी शिक्षक आहेत, कोणी आईबाप, कोणी संस्थांचे चिटणीस. ज्याने दोर धरला आहे त्याने झोळ पडला का ते पाहावे, आणि जो बोट चालवतो त्याने तो पडू द्यावा. माणूस पडलाच, तर बोट वळवून शांतपणे त्याच्यापाशी जावे, दोर पुन्हा त्याच्या हाती द्यावा, आणि वेग पहिल्याइतकाच ठेवावा.