झूम लेन्स विकत घेण्यापूर्वीं



घरांत नवा कॅमेरा येतो तो बहुधा कांहीं तरी निमित्तानें येतो. बारसें असतें, मुंज असते, नाहीं तर प्रवास ठरलेला असतो. साध्या डिजिटल एस्.एल्.आर्. कॅमेऱ्याबरोबर १८ ते ५५ मिलिमीटरची लहानशी झूम लेन्स बहुधा मिळालेलीच असते, आणि पहिले कांहीं महिने घरची मंडळी तिच्यावर संतुष्ट असतात. मग शाळेचें स्नेहसंमेलन येतें. मुलगी रंगमंचावर नाचत असते, आपण शेवटच्या रांगेंत असतों, आणि घरीं येऊन पाहावें तों चित्रांत मुलगी बोटाच्या पेराएवढी! दुसऱ्या दिवशीं आपण मोठी झूम लेन्स शोधावयास निघतों.

मीही असाच निघालों होतों. ३०० हा आंकडा आणि कमी किंमत, एवढ्या दोनच गोष्टी पाहून मीं लेन्स घेतली. पुढील वर्षीं मुलगी चित्रांत मोठी आली खरी. पण एकाही चित्रांत तिचा चेहरा स्पष्ट नव्हता. नाच कांहीं फोटोसाठीं पुन्हां होत नसतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं लेन्सवरील आंकडे व अक्षरें कशीं वाचावींत, एवढेंच आज सांगणार आहें.

पहिला आंकडा मिलिमीटरचा. तो लेन्सचें नाभीय अंतर सांगतो. तो लहान असेल तर दृश्याचा पुष्कळ विस्तार चित्रांत मावतो. मोठा असेल तर दूरची वस्तु जवळ भासते. झूम लेन्समध्यें हें अंतर कडें फिरवून बदलतां येतें. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठीं ३६ ते ८२ मिलिमीटरची 'झूमार' ही लेन्स १९५९ सालीं निघाली, तेव्हां ती नवलाची वस्तु होती. आज ती सोय सामान्य कुटुंबाच्या आटोक्यांत आली आहे. आपल्या साध्या कॅमेऱ्यांतील सेन्सर त्या फिल्मच्या चौकटीहून लहान असतो. त्यामुळें निकॉनच्या अशा कॅमेऱ्यावर हा आंकडा दीडपट, तर कॅननच्या कॅमेऱ्यावर १.६ पट धरावा लागतो. म्हणजे कॅननची ५५ ते २५० ची लेन्स शेवटीं ४०० चें काम देते. घरगुती उपयोगास तें पुरेसें आहे. २५० ऐवजीं ३०० मिळावेत म्हणून धांवाधांव करण्याचें कारण नाहीं.

दुसरा आंकडा छिद्राचा. ३.५ ते ५.६ असें लिहिलेलें असतें, आणि येथें आंकडा जितका लहान तितका प्रकाश अधिक. स्वस्त झूम लेन्सचें छिद्र आपण दूरचें जवळ आणूं लागतांच आकुंचित होतें. ३.५ वर मिळणाऱ्या प्रकाशाच्या मानानें ५.६ वर दोन पंचमांशच प्रकाश आंत येतो. उन्हांत तें जाणवत नाहीं. सभागृहाच्या मंद दिव्यांत मात्र फार जाणवतें.

तिसरी गोष्ट म्हणजे अक्षरें, आणि माझी फसगत येथेंच झाली. हातांत धरलेला कॅमेरा किंचित् हलतच असतो, आणि लेन्स जितकी लांब पल्ल्याची तितका तो दोष वाढतो. जुना नियम असा कीं, ४०० च्या पल्ल्यास सेकंदाच्या १/४०० भागाहून अधिक वेळ घेऊं नये. लेन्समध्यें कंप शोषणारी योजना असेल तर तेंच काम १/५० सेकंदांतही साधूं शकतें. ही योजना असल्यास कॅनन आपल्या लेन्सवर आय्.एस्. आणि निकॉन व्ही.आर्. अशीं अक्षरें लिहितें. कॅननच्या ७५ ते ३०० च्या तिसऱ्या आवृत्तींत ती योजना नाहीं. ५५ ते २५० मध्यें आहे. निकॉननें २०१६ सालीं साध्या कॅमेऱ्यांसाठीं काढलेली ७० ते ३०० ही लेन्स तर दोन्ही प्रकारांत निघाली. थोड्या पैशांसाठीं हीं दोन अक्षरें सोडूं नयेत.

मात्र एक मर्यादा ध्यानांत ठेवावी. ही योजना आपल्या हाताचा कंप शोषते. नाचणाऱ्या मुलीचा पाय ती थांबवीत नाहीं. त्यासाठीं प्रकाशच अधिक हवा. पुढें जागा मिळत असेल तर ५० मिलिमीटरची, १.८ छिद्राची साधी लेन्स घ्यावी. तिला झूम नाहीं, पण ५.६ च्या मानानें ती सुमारें दहापट प्रकाश आंत घेते, आणि फारशी महागही नसते.

मग आपणांस खरोखर हवें तरी काय? तें दुकानदारास विचारूं नये, स्वतःच्या चित्रांस विचारावें. प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा त्या वेळचें नाभीय अंतरही नोंदवून ठेवतो. मागील शंभर फोटो काढून पाहावेत. पुष्कळसे ५५ वर अडलेले दिसले तर लांब पल्ल्याची लेन्स अवश्य घ्यावी. पुष्कळसे १८ वर असतील तर आपली अडचण निराळीच आहे, आणि ३०० ची लेन्स कपाटांत पडून राहील.

आतां मोठ्या कंपन्यांचें लक्ष आरशाशिवायच्या कॅमेऱ्यांकडे वळलें आहे. त्यामुळें या लेन्स वापरलेल्या स्थितींत पुष्कळ मिळतात. घेतांना त्या आपल्याच कॅमेऱ्यावर लावून पाहाव्यात. निकॉनच्या डी ३५०० सारख्या कॅमेऱ्यांत फोकस करणारी मोटर नसते. ती लेन्समध्येंच हवी. लेन्सच्या एका बाजूनें विजेरीचा प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूनें पाहावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर ती बुरशी होय, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत करावी. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत ही बुरशी चांगल्या लेन्सलाही धरते. म्हणून घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह लेन्स ठेवावी, आणि ऊन पडेल त्या दिवशीं बाहेर काढून वापरावी.

माझी मुलगी यंदाही नाचणार आहे. मीं ती ३०० ची लेन्स विकून टाकली आहे, आणि या खेपेस अर्धा तास आधीं जाऊन पुढची जागा धरण्याचा निश्चय केला आहे. त्याला तर कांहींच पैसे पडत नाहींत.