मुक्त आज्ञावली आणि आपली अक्षरे



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या हैदराबादेत मराठी अक्षर जपण्यासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या स्मृतिदिनी बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मराठीच्या अध्यापकाने संगणकावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी १९९४ साली पहिला संगणक घेतला आणि तेव्हापासून त्या यंत्राचा हौशी विद्यार्थी आहे. परंतु आजचा माझा विषय यंत्र हा नसून अक्षर हाच आहे.

त्या काळी मी मराठवाड्यातून येथे येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या सुमारे तीनशे ओव्या टिपून घेतल्या होत्या. वह्यांना कसर लागू लागली, म्हणून त्या संगणकावर उतरविल्या आणि निश्चिंत झालो. पुढे ती टंकलेखनाची आज्ञावली बनविणारी कंपनी बंद पडली. संगणक बदलला. काही वर्षांनी फाइल उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन पसारा दिसला. वह्या तोवर नष्ट झाल्या होत्या आणि ओव्या सांगणाऱ्या आयाबाया हयात नव्हत्या.

असे का झाले? त्या काळी बहुतेक कंपन्या रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवीत: एका क्रमांकावर काना, दुसऱ्यावर वेलांटी, तिसऱ्यावर अर्धे अक्षर. प्रत्येकीची मांडणी निराळी, आणि ती सांगण्याचे बंधन कोणावरही नव्हते. म्हणजे मजकूर माझा, पण तो वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात! भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली मान्य झाले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरी होती; पण ती आपल्या घरोघरी पोहोचावयास आणखी बरीच वर्षे लागली.

मला वाट दाखविली ती मुक्त आज्ञावलीने. ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन अर्थ इंग्रजीतील ‘फ्री’ या एकाच शब्दात कोंबलेले आहेत. मराठीत ते सुदैवाने वेगळे आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली कशाहीसाठी वापरावी, तिची मूळ संहिता वाचावी, ती सुधारावी आणि दुसऱ्यास द्यावी, या मोकळिकी त्यामागे होत्या. ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ची घोषणा केली. आज आपल्यापैकी अनेकांच्या खिशातील अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. ‘ओपन सोर्स’ हे नाव मागाहूनचे, १९९८ चे.

काही अनोळखी तरुणांनी जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक मुक्त आज्ञावली लिहिली होती. हे काम दिसते तितके सोपे नाही. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराआधी येते, युनिकोडमध्ये मात्र ती अक्षरानंतर नोंदवितात. रफार याच्या उलट वागतो. त्या आज्ञावलीने माझ्या ओव्या वाचावयास दिल्या, तेव्हा डोळे भरून आले. पण वाचता वाचता थबकलो. डोंगरातल्या ‘दऱ्या’ सगळीकडे ‘दर्या’ झाल्या होत्या! सासरी निघालेली लेक दऱ्या ओलांडण्याऐवजी समुद्रात शिरली होती.

तो दोष लिहिणाऱ्याच्या बुद्धीचा नव्हता. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला भेद मराठी माणसाच्या जिभेवर असतो. इतरांना तो ठाऊक असण्याचे कारण नाही. संहिता उघडी होती. एका माजी विद्यार्थ्यास शेजारी बसवून मी अक्षरांची सारणी पाहिली, चूक कोणत्या ओळीत आहे ते शोधले आणि दुरुस्ती सुचविली. ती स्वीकारली गेली. पूर्वी त्या कंपनीला मी दोनदा पत्र लिहिले होते. उत्तर आले नव्हते. येथे सत्तरी गाठलेल्या मराठीच्या मास्तरास हात लावू दिला गेला. मुक्तपणाचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे: ज्याला चूक दिसते, त्याला ती दुरुस्त करता यावी.

ही रीत आपल्याला परकी नाही. परंपरेने शके १२१२ मध्ये झालेली ज्ञानेश्वरी हातोहात नकलली गेली, तिच्यात पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ती शुद्ध केली. त्यांनी काय केले, कोणी केले आणि कोणत्या शकात केले, याची नोंद त्यांनी शेवटी ठेवली. ‘ग्नू’च्या परवान्याच्या १९९१ च्या आवृत्तीतही अट आहे की, जो बदल करील त्याने बदलल्याचे आणि तारखेचे स्पष्ट निवेदन करावे. एक फरक मात्र सांगितला पाहिजे. नाथांनी पुढील लेखकांस आपल्या ओव्या त्यात घालू नयेत असे बजावले. परवाना भर घालण्यास मोकळीक देतो. काव्य एका प्रतिभेचे असते, अवजार अनेकांच्या हातांचे. पण दोन्हीकडे हात लावणाऱ्याने आपले नाव लपवू नये, हे इमान सारखेच.

या वाटेवर धोकेही आहेत. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल आकुंचित करणाऱ्या मुक्त आज्ञावलीत चोरवाट आढळली. ती सांभाळणारा मुख्यतः एकटाच स्वयंसेवक होता; टोपणनावाच्या कोणा सहायकाने दीर्घकाळ विश्वास संपादन करून घात केला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून ते उघडकीस आले. संहिता उघडी असणे पुरेसे नसते. कोणीतरी ती वाचावी लागते, आणि राबणाऱ्या एकट्या माणसास सोबत द्यावी लागते.

आज मराठी अक्षरे जोडून दाखविणारी ‘हार्फबझ’ नावाची मुक्त आज्ञावली फायरफॉक्स, लिबरऑफिस, अँड्रॉइड यांत काम करते. त्या नावातला ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, हे हैदराबादकरांना सांगावयास नको.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या जुन्या स्मरणिकांचा मजकूर कोणाच्या संगणकात जुन्या टंकांत पडून असेल, तर तो वाचता येतो आहे तोवर युनिकोडमध्ये आणा. त्या तीनशे ओव्यांची एक प्रत मी आज शाळेच्या ग्रंथालयास देत आहे. तिची कोणीही नक्कल करावी. चूक आढळल्यास दुरुस्त करावी. मात्र खाली आपले नाव आणि तारीख लिहावी.