जुन्नर-आंबेगावचे गाणारे वर्ष

शहरातील संगीतप्रेमी गृहस्थाचे वर्ष निमंत्रणपत्रिकांनी मोजले जाते. गणेशोत्सवातील मैफली, दिवाळीतील पहाटेचे गायन, डिसेंबरातील मोठा महोत्सव, असे टप्पे त्याच्या मनात पक्के झालेले असतात. पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर मंचर ओलांडून नारायणगावी उतरणाऱ्या रसिकाला मात्र पत्रिकेचा उपयोग नाही, त्याने पंचांगच हाती घेतले पाहिजे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत गाणे तिथीला बांधलेले आहे. वर्षभर या प्रदेशात कान उघडे ठेवून हिंडलेल्या मनुष्याने वर्षाअखेरीस मागे वळून पाहिले, तर त्याच्या पदरी काय पडलेले असते, याचा विचार करण्यासारखा आहे.

आरंभ श्रावणापासून करू. ओतूर येथे मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचे देवालय आहे. श्रावणातील सोमवारी तेथे तांदळाच्या पिंडी रचल्या जातात आणि यात्रा भरते. याच ओतुरास तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. जवळच्या आळे गावी, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले अशी कथा आहे, त्या रेड्याची समाधी लोक भक्तिभावाने दाखवितात. ज्या मुलखात मुक्या पशूच्या वाणीचे स्मारक आहे, तेथे भजनाला तोटा कसा असेल? कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावी पहाटे काकडा चालतो. या गायनाचा विशेष असा की त्यात श्रोता म्हणून कोणी वेगळा उरत नाही. टाळ हाती आला की ऐकणाराच गाणारा होतो. शहराच्या सभागृहात वर्षानुवर्षे मूकपणे बसलेल्या रसिकास हा अनुभव प्रथम संकोचाचा वाटतो. मग मात्र त्याची गोडी सुटत नाही.

परंतु या प्रदेशाची ख्याती सर्व महाराष्ट्रात झाली ती तमाशामुळे. नारायणगाव हे तमाशाचे माहेरघर म्हणून ओळखले जाते. दसऱ्याला फड बाहेर पडतात. मालमोटारींवर तंबू, कनाती, पेटारे आणि माणसे चढवून ते हिवाळाभर निरनिराळ्या जिल्ह्यांतून तिकिटावर खेळ करीत फिरतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड याच गावचा, आणि त्या घराण्यातील विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी या गावाचे नाव राष्ट्रपतींच्या दरबारापर्यंत नेले. १९५७ व १९९० अशा दोन वेळा त्यांचा तेथे गौरव झाला. खेळ चालू असता पडद्यामागे प्रसूत होऊन त्या पुन्हा पायांत चाळ बांधून बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आजही गावोगावी आदराने सांगितली जाते. त्यांचे उत्तरायुष्य मात्र हलाखीत गेले. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार राज्य शासनाने सुरू केला तो त्यांच्या मृत्यूनंतर.

तमाशा म्हणजे केवळ लावणी, अशी शहरातील पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. प्रथम गण, म्हणजे गणेशाचे स्तवन. त्यानंतर गवळण, तीत मावशीच्या विनोदाने प्रेक्षक सैल होतात. पुढे बतावणी, मग लावण्या, आणि अखेरीस वग. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज एवढ्या थोड्या साहित्यावर हा सारा डोलारा उभा राहतो. सुरत्ये पाठीमागे उभे राहून गाण्याची ओळ उंच स्वरात झेलतात, तेव्हा ती माळावरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते. वग हे तर कथानकाने बांधलेले संपूर्ण नाटकच होय. राजा, प्रधान, सावकार, फसलेला शेतकरी आणि सर्वांची फजिती करणारा सोंगाड्या यांच्या तोंडून गावाला आपलेच जीवन ऐकावयास मिळते. रेठऱ्याच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी या ब्राह्मणाने जातीचा रोष पत्करून तमाशात उडी घेतली व तो पठ्ठे बापूराव झाला, तो या कलेच्या अशा सामर्थ्यामुळेच.

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावास वेगळाच रंग चढतो. रस्त्यालगत फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक असतो आणि आत फडमालक किंवा त्याचा व्यवस्थापक वही घेऊन बसलेला असतो. पुणे, नगर, नाशिक, ठाणे अशा जिल्ह्यांतून यात्रा-समित्यांचे पंच येतात, चार राहुट्यांत डोकावतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन परततात. या बाजाराचा भाव पंचांग ठरविते. चैत्री पौर्णिमेला, वद्य अष्टमीला आणि अक्षय्यतृतीयेला एकाच वेळी अनेक गावांच्या यात्रा येतात. फड मात्र तितके नसतात. म्हणून त्या रात्रींची बिदागी चढते आणि मधल्या तिथींची उतरते. पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत जेमतेम एक महिना आणि तीन तिथी एवढाच हा काळ. परंतु त्यातील सुपाऱ्यांवर फडाच्या वर्षाचा ताळेबंद अवलंबून असतो.

यात्रेच्या रात्री तमाशाला तिकीट नसते. गावाने घरटी वर्गणी काढून तो आणलेला असतो, त्यामुळे पाटलापासून मजुरापर्यंत प्रत्येक जण त्याचा यजमान असतो. रात्री पालखी देवळाकडे परतली की खेळ उभा राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कलावंत पुन्हा उभे राहून हजेरी देतात आणि दुपारी त्याच माणसांची पावले कुस्त्यांच्या आखाड्याकडे वळतात. रात्रभराचे जागरण, उन्हातली हजेरी आणि संध्याकाळी पुढच्या गावाचा प्रवास, असा क्रम चैत्र-वैशाखात दिवसामागून दिवस चालू राहतो. ऐकणाऱ्यास जो सण वाटतो, तो गाणाऱ्याचा कष्टाचा हंगाम असतो.

या हंगामामागे ऋणही उभे असते. पावसाळ्यात फड बंद असतात. तेव्हा कलावंत घरखर्चासाठी मालकाकडून उचल घेतात, मालक सावकाराकडून रक्कम उभी करतो, आणि सारी फेड पुढील हंगामात होते. २०२० साली पाडवा २५ मार्चला आला आणि नेमक्या त्याच दिवशी सर्व देशात टाळेबंदी सुरू झाली. जी राहुटी वर्षाची भाकरी मिळवून देते, ती ऐन मुहूर्तावर मिटली. २०२१ च्या चैत्रातही यात्रा भरू शकल्या नाहीत. उचल मात्र डोक्यावर तशीच राहिली.

याहून सावकाश, परंतु अधिक खोल असा एक बदल घड्याळाने केला आहे. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी घातली. वर्षातील थोड्या ठरावीक दिवशी ती मर्यादा बारापर्यंत वाढविता येते. आजारी माणसाला, अभ्यास करणाऱ्या मुलाला शांतता हवी, हे कोणीही मान्य करील. तथापि या नियमाचा परिणाम सर्वांवर सारखा झालेला नाही. १९५३ पासून पुण्यात भरणारा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र रात्र चाले. तेथेही हा नियम लागू झाला, आणि उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी ऐकावयास मिळत नाहीत म्हणून रसिकांनी हळहळ व्यक्त केली. ती योग्यच होती. परंतु गायकाला सकाळचे सत्र मिळते, बंद सभागृह मिळते. तमाशाला माळ सोडून जाता येत नाही. त्याचा खेळ पालखीनंतरच सुरू व्हावयाचा आणि वग तर मध्यरात्रीनंतरच रंगावयाचा. वेळ आखडली म्हणजे गण आटोपता घेतला जातो, लावणीच्या जागी चित्रपटातील गाणी येतात, कारण शिट्ट्या त्यांनाच लवकर मिळतात; आणि वग तेवढा मागे पडतो. मागे पडलेला वग कोणी पाठ करीत नाही, आणि जो पाठ होत नाही तो एका पिढीत नाहीसा होतो.

वर्षभर ऐकलेल्या रसिकाच्या हिशेबात म्हणून एक जमा आणि एक खर्च दिसतो. भजन अजून भरघोस आहे, कारण त्याला गाणारे गावातच आहेत. ढोलकी अजून कडाडते, तिला सुपारी आहे. उणे पडत चालला आहे तो वग. तो ऐकण्यास सबंध रात्र लागते, आणि ती रात्र आता कोणाच्या हाती राहिलेली नाही.

यावर उपाय केवळ शासनाने करावयाचा नाही. सुशिक्षित घरांनी तमाशाकडे दीर्घकाळ पाठ फिरविली. ज्या जातींनी ही कला जतन केली, त्यांना कलावंत म्हणण्याऐवजी नाचे म्हटले. संगीत नाटकाच्या पदांसाठी जी आस्था दाखविली, तिचा अंशही वगाच्या वाट्यास आला नाही. शहरातील ज्या सभागृहांना भिंती आहेत, त्यांत दुपारी अथवा सायंकाळी लवकर संपूर्ण वग लावता येईल. त्यास तिकीट काढून, घरच्या स्त्रिया-मुलांसह जाऊन बसता येईल. नुसत्या लावणीच्या तुकड्यावर समाधान न मानता अखेरचा प्रवेश होईपर्यंत थांबता येईल. जुन्या सोंगाड्यांना जे पाठ आहे, ते त्यांच्या हयातीत ध्वनिमुद्रित करून ठेवता येईल. पुण्याहून नारायणगाव सुमारे ७५ किलोमीटर आहे. येत्या चैत्रात एक यात्रा पाहून यावयाची ठरविली, तर पंचांगातील तिथी आणि एक रात्रीचे जागरण एवढीच तयारी पुरे आहे.